पाठमोरे साहेब

समोरचा माणूस पासवर्ड टाकू लागला की राठोड साहेब त्याच्याकडे पाठ करून उभे राहत. नुसती मान वळवणं किंवा खिडकीबाहेर बघितल्यासारखं करणं नाही. खुर्चीवरून उठायचे, भिंतीकडे तोंड करायचे, हात मागे बांधायचे आणि थोड्या वेळानं "झालं?" असं विचारायचे. "झालं" म्हटलं की मगच वळायचे. भिंतीवर एका खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. ज्या दिवशी एखाद्याचा पासवर्ड फार अडायचा, त्या दिवशी साहेबांना महिन्याच्या सगळ्या तिथी पाठ व्हायच्या. व्यवस्थापक असोत की शिपाई, सगळ्यांना हीच पाठ. त्यावरून ऑफिसात त्यांचं नाव पडलं, 'पाठमोरे साहेब'. बाहेरच्या केंद्रांवर तर कित्येकांना ते त्यांचं आडनावच वाटायचं. एका केंद्रावरून आलेल्या पाकिटावर 'मा. पाठमोरे साहेब, संगणक विभाग' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. साहेबांनी पाकीट फोडलं, काम केलं, पोच लिहिली आणि सही कोणत्या नावानं करू, असं मला विचारलं.

आमचं ऑफिस यवतमाळात, दारव्हा रोडला, एका जुन्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात होतं. कापूस खरेदी करणारी संस्था. जिल्ह्यातल्या केंद्रांवर कापूस किती आला, कोणत्या प्रतीचा आला, गाठी किती बांधल्या, हे सगळं आमच्याकडे येऊन संगणकावर चढायचं. प्रत्येकाच्या टेबलावर एक संगणक, आणि सगळ्यांच्या फायली जिन्याखालच्या कोपऱ्यातल्या एका सर्व्हरमध्ये. आपलं नाव आणि पासवर्ड टाकला की तो आपलं कपाट उघडून द्यायचा. पासवर्ड चुकला की कपाट बंद, मग बसा हातावर हात ठेवून.

मी तिथे डेटा एंट्रीला लागले तेव्हा नुकतीच बी.कॉम. झाले होते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील बाभुळगावच्या बाजारात सायकली दुरुस्त करायचे. रोज सकाळच्या एस.टी.नं मी यवतमाळला यायचे. संगणकाचा कोर्स केलेला होता, पण माउस धरला की तळहाताला घाम यायचा. पहिल्या दिवशी राठोड साहेबांनी मला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः स्टूल ओढून घेतलं. मी अवघडून उठायला लागले तर म्हणाले, "बस व पोरी. शिकते त्यानं खुर्चीवर बसा लागते. मले तं येते आता, मी कुठंबी बसन." पुढची सगळी वर्षं ते स्टूल त्यांचं आणि खुर्ची माझी, असंच चाललं. मुख्यालयाचे साहेब आले की त्यांना वाटायचं, विभागप्रमुख मीच.

साहेब दिग्रसकडच्या एका तांड्यावरचे. शिक्षण नागपुरात झालं होतं. घरून आईचा फोन आला की बंजाऱ्यांची गोरबोली, आमच्याशी वऱ्हाडी, आणि मुख्यालयाचा फोन आला की उभं राहून पुस्तकातली मराठी. एकाच फोनवरून तीन माणसं बोलताहेत असं वाटायचं. आईचा फोन मात्र ते बसून घ्यायचे, आणि हळू आवाजात. "याडी", म्हणजे आई, एवढा एक शब्द आम्हाला कळायचा.

आमच्याकडे पासवर्ड लपवणं म्हणजे शेजाऱ्याला घराची किल्ली न देण्यासारखं होतं. लेखा विभागातले गावंडे काका सुटीवर निघाले की दारातून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा आपला पासवर्ड सांगून जात. अर्ध्या ऑफिसचा पासवर्ड कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या नावाचा होता आणि ते अर्ध्या ऑफिसला ठाऊक होतं. राठोड साहेब दोन्ही कानांवर हात ठेवायचे. "मले नका सांगू बाप्पा," म्हणायचे. गावंडे काकांना एकदा याचा राग आला. आमच्यावर भरोसा नाही का, असं त्यांनी तोंडावर विचारलं. साहेब म्हणाले, "तुमच्यावर हाय ना काका. मले मालूम नसू द्या, म्हंजे तुमचा माह्यावर राहीन." पुढच्या सुटीला जाताना काका दारात थांबून, कानात सांगितल्यासारखा, हळूच सांगून गेले.

कुणाचा पासवर्ड चालत नाही अशी तक्रार आली की साहेब आधी संगणकाकडे बघायचेच नाहीत. माणसाला बसवायचे, पाणी मागवायचे. "रागानं टाकलेला पासवर्ड कधीच बरोबर पडत नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग विचारपूस सुरू व्हायची. कधी बदलला, कुठल्या टेबलावर बसून बदलला, बदलताना कुणी आवाज दिला होता का, जुना अजून चालतो का पाहिलं का. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा होता, कारण जुना चालत असेल तर नवा सर्व्हरपर्यंत पोचलाच नाही हे उघड होतं. नंतर ते एक कोरं पान उघडून द्यायचे आणि पाठ फिरवून म्हणायचे, आता इथं पासवर्ड टाईप करून पाहा, कसा उमटते ते तुमचं तुमी वाचा आणि पुसून टाका. दहातल्या पाच जणांचं गाऱ्हाणं तिथेच संपायचं. मोठ्या अक्षरांची कळ चुकून दाबलेली असायची. माणूस ओशाळा होऊन हसायचा आणि साहेब भिंतीला म्हणायचे, "होते, होते. त्या कळीले काही कामच नाई."

'तुमचं चुकलं' असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. 'आपलं कुठंतरी अडकलं' म्हणायचे. चूक कुणाचीही असो, त्यात ते स्वतःला धरून घ्यायचे. सुरुवातीला मला हा नुसता बोलण्याचा शिष्टाचार वाटायचा.

आवारात जिनिंग असल्यामुळे हवेत सदा रुई. ती संगणकांच्या पंख्यात जाऊन बसायची. दर शनिवारी साहेब एकेक यंत्र उघडून रुई काढायचे, आणि निघालेल्या बोळ्याकडे बघून ही कोणत्या प्रतीची असेल यावर गावंडे काकांशी वाद घालायचे. दसऱ्याला सर्व्हरची पूजा व्हायची. शिपाई झेंडूचा हार नेमका सर्व्हरच्या हवा घ्यायच्या जाळीवर घालायचा, साहेब नमस्कार करता करता तो हार अलगद वर सरकवायचे. पूजेतही खोडा नको आणि पंख्यालाही.

ती वर्षं कापसाला वाईट गेली. भाव पडलेले, बोंडांना कीड, खरेदी उशिरा सुरू होणार आणि लवकर बंद होणार. सकाळचा पेपर ऑफिसात यायचा, पण मोठ्यानं कुणी वाचत नसे. ज्याला वाचायचा तो आपल्या टेबलावर नेऊन वाचायचा आणि घडी घालून ठेवून द्यायचा. बरेच जण आपला कापूस खाजगी व्यापाऱ्याला देऊन मोकळे होऊ लागले, आमची केंद्रं ओस पडू लागली. केंद्रं कमी झाली की माणसं कमी होणार हे सांगायला कुणाची गरज नव्हती. मुख्यालयातून एकामागून एक आदेश यायला लागले. त्यातलाच एक, की दर महिन्याला प्रत्येकानं पासवर्ड बदलावा. दुसरा त्याहून अवघड. ज्या कर्मचाऱ्यांना आपलं संगणकाचं खातं स्वतः चालवता येत नाही, त्यांची नावं कळवावीत. पुढे त्या नावांचं काय होणार, हे लिहिलेलं नव्हतं. पण सगळ्यांनी वाचलं.

पहिल्या महिन्याला सगळ्या ऑफिसनं एकाच सकाळी पासवर्ड बदलले आणि दुपारपर्यंत निम्मे लोक दाराबाहेर. सर्व्हरच्या पोटात पासवर्डची दोन खाती होती, एक त्याचं स्वतःचं आणि एक आमच्या टेबलांवरच्या संगणकांसाठी. बदल एकात झाला आणि दुसऱ्यात नाही झाला की माणूस अडकलाच. त्यात टेबलावरचे संगणक जुना पासवर्ड लक्षात ठेवून परस्पर तोच पुढे करायचे. साहेबांनी एकेकाला बसवून, पाणी पाजून ते सगळं निस्तरलं. मग त्यांनी स्वतः बसून एक पान लिहिलं. संगणकावर ते पान उघडायचं, जुना पासवर्ड टाकायचा, नवा दोनदा टाकायचा, की दोन्ही ठिकाणी एकदम बदल. साहेबांना त्या पानाचा फार अभिमान होता. वरच्या बाजूला त्यांनी कापसाचं फुटलेलं बोंड काढलं होतं. ते सगळ्यांना फुलकोबी वाटायचं.

या पानानं सगळ्यांचं काम सोपं केलं. अडल्या एकट्या गेडाम बाई.

गेडाम बाई आमच्या टायपिस्ट. संस्थेत टाईपरायटर होते तेव्हापासूनच्या. कीबोर्डकडे न बघता टाईप करायच्या, आणि टाईप करता करता कुणाला तरी रागवायच्या. त्यांचा हात कधी थांबायचा नाही आणि तोंडही. राठोड साहेब त्यांचं आवडतं गिऱ्हाईक. "तुमचं मशीन आन् तुमी, दोघंबी उठाले वेळ लावता," असं सकाळी साहेबांना ऐकवल्याशिवाय त्यांचा चहा गोड लागायचा नाही. साहेब म्हणायचे, "मशीनले नका बोलू बाई, ते नवं आहे." बाईंचे यजमान लवकर गेलेले. मुलगी नागपूरला नर्सिंगला होती, दुसऱ्या वर्षाला. बाईंची नोकरी गेली असती तर मुलीचं तिसरं वर्ष झालं नसतं. हे बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या पानावरून बाईंनी पासवर्ड बदलला आणि त्या दिवसापासून त्यांचं कपाट उघडेना. साहेबांनी नेहमीप्रमाणे खुर्ची दिली, पाणी दिलं. कोरं पान उघडलं, पाठ फिरवली. बाई म्हणाल्या, बरोबर उमटते. पुन्हा लॉगिनच्या चौकटीत टाकला, पुन्हा चूक. टेबल बदलून पाहिलं, कीबोर्ड बदलून पाहिला. चार-सहा वेळा चुकलं की खातं आपोआप बंद व्हायचं आणि त्याची नोंद मुख्यालयाला जायची. ते दोनदा झालं. शेवटी साहेबांनी आपला नियम बाजूला ठेवून त्यांना एक तात्पुरता पासवर्ड स्वतः लावून दिला. साधा, लहान, सगळ्यांसमोर. तोही बाईंच्या हातून चालेना. तोच मी टाकला, चालला. गावंडे काकांनी टाकला, चालला. बाईंनी टाकला, नाही.

जिच्या टायपिंगची चूक ऑफिसात कुणी कधी काढली नव्हती, तिला पाच अक्षरं टाकता येईनात. व्यवस्थापक साहेब टेबलाजवळून जाता जाता म्हणाले, वय झालं की होतं असं, बाई, वाईट वाटून घेऊ नका. ते मनानं वाईट नव्हते. पण त्याच आठवड्यात मुख्यालयाचा माणूस प्रत्येकाचं काम बघायला येणार होता आणि नावं कळवायची होती.

बाई गप्प झाल्या. हातानं पत्रांचे मसुदे लिहीत बसायच्या. साहेबांना त्या गप्प बसण्याचाच जास्त त्रास व्हायला लागला. मला म्हणाले, "पोरी, परवापासून बाईनं मले एक शब्द टाकून बोलला नाई. हे काई खरं नाई." जेवणाचा डबा तसाच बंद ठेवून ते आपलं पान ओळीओळीनं तपासत बसले होते, आणि त्यांना त्यात काही सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बाईंना पुन्हा बसवलं. बाईंना यायचं नव्हतं. म्हणाल्या, "राह्यू द्या आता राठोड. कायले उगीच." साहेब म्हणाले, एकदा, माझ्यासाठी. आणि भिंतीकडे वळले. बाईंनी बोटं ठेवली आणि तेवढ्यात लोडशेडिंग सुरू झालं. पंखे थांबले, शेजारची जिनिंगची यंत्रं थांबली, हॉलमधली बडबडसुद्धा नेहमीसारखी एक क्षण थांबली. सर्व्हर आणि आमच्या खोलीतला एक संगणक तेवढे बॅटरीवर चालू. त्या शांततेत बाईंच्या बोटांचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

मी बाजूला उभी होते. मला साहेबांचा चेहरा दिसत होता, बाईंना नाही. त्यांनी डोळे मिटले. मग भिंतीकडे बघतच म्हणाले, "बाई, पासवर्ड जाऊ द्या. आता कोऱ्या पानावर फक्त तुमचं नाव टाका." बाईंनी टाकलं. "आता गावाचं नाव." टाकलं. "आता 'सादर' एवढंच टाका आन् थांबा." टाकलं. साहेब भिंतीकडे बघून हसले. मागे वळले तेव्हा मात्र चेहरा सरळ होता. म्हणाले, "आपलं कुठं अडकलं ते समजलं बाई. तुमी चहा घ्या. उद्या सकाळी या."

बाई गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. शब्द संपला की बाईंचा अंगठा खालची लांब पट्टी दाबतो, दोन शब्दांमधली मोकळी जागा सोडणारी. टाईपरायटरवर जन्म गेला, शब्द संपला की अंगठा पडणारच. बाईंना ते ठाऊकही नाही. कोऱ्या पानावर मोकळी जागा दिसत नाही, म्हणून तिथे सगळं बरोबर वाटायचं. त्यांचा पहिला पासवर्ड त्यांनी सर्व्हरसमोर बसून लावला होता, तेव्हा ती जागाही पासवर्डात गेली होती आणि वर्षानुवर्षं दोन्हींचा मेळ बसत होता. साहेबांनी आपलं पान लिहिताना, कुणाकडून चुकून नव्या पासवर्डाच्या शेवटी जागा सुटली तर ती कापून टाकायची, असं स्वतःच्या शहाणपणानं घातलं होतं. म्हणजे पान जागा कापून पासवर्ड साठवायचं आणि बाई जागेसकट टाकायच्या. तात्पुरत्या पासवर्डाचंही तेच. पट्टीवर पडलेल्या अंगठ्याचा आवाज बोटांपेक्षा जड असतो. एरवी पंख्याच्या घरघरीत तो कुणाला ऐकू आला असता.

मी म्हटलं, मग बाईंना सांगू या, शेवटी अंगठा उचलून धरा म्हणून. साहेब एकदम म्हणाले, "नाई. अजिबात नाई सांगाचं." मग स्टुलावर बसून समजावलं. "तिले सांगतलं का ती अंगठ्याकडं पाहात बसंन. आज ना पाहता टाइप करते. उद्या तो मुख्यालयवाला समोर बसन, अन् बाई अंगठा सांभाळन. हातचं टायपिंगबी जाईन. इतक्या वर्षाचा अंगठा बदलवू का माह्या पानातल्या दोन ओळी बदलवू?"

त्यांनी पान बदललं. जागा कापणं काढून टाकलं. सकाळी बाईंनी नवा पासवर्ड लावला, दोन्ही वेळा त्यांचा अंगठा पडला, आणि कपाट उघडलं. मी कान देऊन ऐकत होते, म्हणून मला कळलं. बाई आता केव्हाच्या निवृत्त झाल्या आहेत आणि कीबोर्डशी त्यांचा काही संबंध उरलेला नाही, म्हणून हे लिहायला हरकत नाही असं मी धरते. आजवर कुणाला बोलले नव्हते.

मुख्यालयाचा माणूस आला तो माझ्याच वयाचा, सभ्य मुलगा होता. बाईंचं खातं पहिल्या फटक्यात उघडलं, आणि त्यांनी त्याच्याकडे बघत बघत, कीबोर्डकडे न बघता, अख्खं पत्र टाईप करून दाखवलं. तो खूश झाला. पण नोंदी चाळताना थांबला आणि विचारलं की या मॅडमचं खातं इतक्या वेळा का बंद पडलं. व्यवस्थापक साहेब म्हणू लागले की आता वयाप्रमाणे, तेवढ्यात राठोड साहेब उभे राहिले. मुख्यालयाच्या फोनवर बोलायचे तसं शुद्ध बोलले. "दोष मॅडमचा नाही. पासवर्ड बदलण्याचं पान मी लिहिलेलं आहे. त्यात चूक होती. ती मी दुरुस्त केली आहे." लेखी द्याल का, असं त्यानं विचारलं. साहेब म्हणाले, देतो.

तो खुलासा टाईप करायचं काम साहजिकच गेडाम बाईंकडे आलं. बाईंची वाचा परत आली होती. साहेब सांगत होते आणि बाई टाईप करता करता ऐकवत होत्या. "म्हंजे इतके दिवस तुमच्या पानापायी मले येड्यात काढलं. आन् मी म्हणून राह्यली, माह्यं डोकं फिरलं का काय." साहेब म्हणाले, हो बाई. 'चूक' या शब्दाआधी बाईंनी स्वतःहून 'गंभीर' हा शब्द घातला. साहेबांनी कागद वाचला, 'गंभीर'वर क्षणभर थांबले, आणि सही केली.

बाईंचं नाव कळवलं गेलं नाही. पण हंगाम संपल्यावर मुख्यालयाचं पत्र आलं की जिल्ह्याच्या पातळीवर पासवर्डच्या कामात गंभीर चुका होत असल्यामुळे ते काम आता मुख्यालयातूनच होईल. राठोड साहेब करारावर होते. करार पुढे वाढवला नाही. मी रडवेली झाले. त्यांना म्हटलं, तुम्ही नुसतं 'तांत्रिक अडचण' लिहिलं असतं तरी भागलं असतं. ते सर्व्हरमधली रुई काढत होते. म्हणाले, "ते तसंबी नेणारच होते ना वर. आन् खोटं काय लिहिलं मी? पान माह्यंच होतं." नेणारच होते की नाही, हे मला आजही माहीत नाही. त्यांना माहीत होतं की नाही, हेही नाही.

नंतर साहेब त्यांच्या तांड्याजवळच्या एका आश्रमशाळेत मुलांना संगणक शिकवू लागले. अधूनमधून फोन यायचा. शाळेत दोनच संगणक आहेत, पण मुलं पासवर्ड टाकायला लागली की बाकीची सगळी वर्गात पाठ करून उभी राहतात, असं एकदा मोठ्या कौतुकानं सांगत होते. मी पुढे एका महाविद्यालयात लागले, तिथलं नेटवर्क आता मीच बघते. माझ्या खोलीत माझ्या खुर्चीशेजारी एक स्टूल आहे. साहेब गेल्याचं मला कळलं ते उशिरा, त्यांच्या एका विद्यार्थ्याकडून, जो आमच्याकडे प्रवेश घ्यायला आला होता.

ते ऑफिस सोडून गेले त्या दिवशी मी आणि गेडाम बाई त्यांना सोडायला बसस्थानकावर गेलो होतो. दिग्रसची गाडी लागायला वेळ होता. बाईंनी त्यांच्यासाठी डबा आणला होता, भाकरी आणि मिरचीचा ठेचा, आणि तो देताना त्या जरा गंभीर झाल्या. मनाशी ठरवून आल्यासारख्या म्हणाल्या, "राठोड, ते पासवर्डचं मनाले लावून घेऊ नका. चूक माणसाच्याच हातून होते. म्या तं कधीच माफ केलं तुमाले."

साहेबांनी डबा दोन्ही हातांत घेतला आणि मान लववली. "तुमचा मोठेपणा आहे बाई," म्हणाले. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

गाडी लागली. साहेबांना खिडकी मिळाली. गाडी फाटकातून बाहेर वळेपर्यंत बाई हात हलवत होत्या. मग पदरानं डोळे टिपले, आणि आम्ही ऑटोकडे चालायला लागलो.

"माणूस सोन्यासारखा होता व," बाई म्हणाल्या. "फक्त कामात जरा कच्चा."

मी 'हो' म्हणाले.